मोफत दवाखाने असूनही रोहिंग्या कॅम्पमधे लोक इतके आजारी का?

प्रश्न असा आलाय की बांगलादेशात कॉक्स बाजारच्या रोहिंग्या कॅम्पमधे इतक्या संस्था आहेत, दवाखाने मोफत, औषधं मोफत, मग खरूजेसारखा साधा आजार वर्षानुवर्षं का जात नाही, आणि एकूणच तिथले लोक इतके आजारी का. विचारणारी मुलगी पब्लिक हेल्थ शिकतेय आणि पुढे असल्याच ठिकाणी काम करायचा तिचा विचार आहे, त्यासाठी काय शिकावं हेही तिने विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी उखियाकडच्या कॅम्पांमधे डॉक्टर म्हणून काम केलंय, ओपीडीत बसलोय आणि टेकड्यांवरच्या झोपड्यांमधून फिरलोयही, त्यातून जे समजलं ते सांगतो.

आधी थेट उत्तर. कॅम्पमधले बहुतेक आजार औषधाने बरे होणारे आहेत. ते परत परत येतात ते घर, पाणी, रेशन आणि कागदपत्रं यांच्यामुळे, आणि यातली एकही गोष्ट डॉक्टरच्या हातात नसते. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, की या माणसांना कुठलाही देश आपलं नागरिक मानत नाही. केसपेपरवर निदानाच्या रकान्यात हे लिहिता येत नाही पण माझ्या मते ते तिथेच लिहायला हवं.

पार्श्वभूमी थोडक्यात. म्यानमारच्या राखाइन प्रांतातले हे मुस्लिम लोक. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने पूर्ण नागरिकत्व सरकारने मान्य केलेल्या जमातींनाच मिळतं आणि त्यांत रोहिंग्या नाहीत, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या तिथे राहूनही ते परके ठरले. १९७८ ला एक लोंढा बांगलादेशात आला, १९९१-९२ ला दुसरा, २०१६ च्या शेवटी तिसरा आणि मग २५ ऑगस्ट २०१७ नंतर लष्कराने गावंच्या गावं जाळली तेव्हा काही महिन्यांत सात लाखांहून जास्त माणसं नाफ नदी आणि डोंगर ओलांडून आली. आज उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत मिळून ३३ कॅम्प आहेत, आणि २०२४ पासून राखाइनमधे अराकान आर्मी ही तिथली बंडखोर संघटना आणि लष्कर यांच्या लढाईत पुन्हा दीड लाखाच्या आसपास माणसं आली, म्हणजे एकूण आकडा अकरा लाखांच्या पुढे गेला. बांगलादेश हा काही श्रीमंत देश नाही आणि त्याने एवढ्या लोकांना जागा दिली, हे मी आधी मान्य करतो, पुढे जी टीका येईल ती हे लक्षात ठेवूनच वाचा.

आता खरूज. सगळ्यात जास्त शिकवणारा आजार हाच आहे.

खरूज म्हणजे कातडीत बिळं करून राहणारा बारीक किडा. रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला, लहान मुलांच्या तर तळहात-तळपायांवर पण पुरळ. उपचार पुस्तकात सोपा आहे, परमेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावून रात्रभर ठेवायचं, आठवड्याने परत, नाहीतर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाप्रमाणे, त्याही दोनदा. पण एक अट आहे, घरातल्या सगळ्यांचा उपचार एकाच वेळी झाला पाहिजे आणि कपडे-अंथरूण धुऊन उन्हात वाळवलं पाहिजे किंवा काही दिवस पिशवीत बंद ठेवलं पाहिजे. आता हीच अट कॅम्पमधे लावून बघा. बांबू आणि ताडपत्रीची एक खोली, त्यात आठ-दहा माणसं एकाला एक चिकटून झोपलेली, अंथरायला एक-दोन चटया आणि ब्लँकेट, बदलायला कपड्यांचा एखाद-दुसरा जोड, पावसाळ्यात चार चार दिवस ऊन नाही, साबण मोजून मिळतो आणि नळ ठरलेल्या वेळी येतो. आईला क्रीमची ट्यूब दिली तर ती ज्या मुलाला जास्त खाजतंय त्याला सगळी लावते, जे कुठलीही आई करेल, आणि पंधरा दिवसांनी तेच मूल परत येतं कारण शेजारी झोपलेल्या भावाला औषध मिळालंच नाही. आणि घर स्वच्छ केलं तरी पलीकडची झोपडी हातभर अंतरावर आहे.

२०२३ मधे एमएसएफने (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स ही संस्था) सर्व्हे केला तेव्हा कॅम्पमधल्या जवळपास ४० टक्के लोकांना खरूज होती. चाळीस टक्के! एवढं प्रमाण झाल्यावर एकेका पेशंटला तपासून औषध देण्यात अर्थच उरत नाही, सगळ्यांना एकदम औषध द्यावं लागतं, आणि तशी मोहीम २०२३ च्या शेवटी सुरू झालीसुद्धा. मोहिमेने नक्कीच फरक पडतो. पण गर्दी आणि पाणी तसंच राहिलं तर आजार परत डोकं वर काढतो. आणि खरूज म्हणजे नुसती खाज असं समजू नका, खाजवून जखमा होतात, त्यात जंतू जातात, पू होतो, काही मुलांना त्यातूनच पुढे किडनीला सूज येते, चेहरा सुजलेला आणि लघवी चहाच्या रंगाची घेऊन आई येते तेव्हा सुरुवात खरूजेपासून झालेली असते. शिवाय रात्र रात्र झोप नाही, घरातली सगळीच चिडलेली, मुलं वर्गात बसू शकत नाहीत, हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

मग घरं मोठी आणि पक्की का नाही बांधत? कारण परवानगी नाही. विटा-सिमेंटची घरं झाली तर लोक कायमचे राहतील अशी भीती, म्हणून सगळं तात्पुरतं ठेवायचं हे धोरण. गंमत नाही ही, बांबूला प्रक्रिया केलेली नसेल तर दोन वर्षांत किडे आतून पोखरतात, म्हणजे तेच घर परत परत बांधायचं, पैसा तोच परत परत खर्च. छावणीत सगळ्या सोयी धरून माणशी ४५ चौरस मीटर जागा असावी असा आंतरराष्ट्रीय निकष आहे, कुटुपालोंगच्या मोठ्या कॅम्पमधे काही भागांत ती दहापेक्षाही कमी भरली होती. या एका नियमातून खरूज, खोकला, गोवर, आगी असं सगळं बाहेर येतं. २२ मार्च २०२१ ला बालुखालीच्या कॅम्पमधे आग लागली त्यात १५ माणसं गेली आणि ४५ हजार बेघर झाली, काही तासांत. कॅम्पभोवतीच्या काटेरी तारेमुळे लोकांना पळणं अवघड झालं असं तिथल्या लोकांनी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानंतरही २०२३, २०२४ मधे मोठ्या आगी लागल्याच.

पाण्याचं जरा वेगळं आहे, तिथे खरंच प्रगती झाली आणि ती सांगितलीच पाहिजे. २०१७ च्या शेवटी घाईघाईत हजारो उथळ हातपंप बसवले गेले आणि त्यांच्यापासून काही पावलांवर संडासाचे खड्डे, म्हणजे वरचं खाली आणि खालचं परत वर. पाण्याच्या नमुन्यांत मोठ्या प्रमाणात मैलाचे जंतू सापडले. कॉलरा भडकणार म्हणून सगळे धास्तावले होते. ऑक्टोबर २०१७ मधे तोंडाने द्यायच्या कॉलरा लसीचे नऊ लाख डोस आले आणि पहिल्याच फेरीत सुमारे सात लाख लोकांना लस दिली गेली, आणि ज्या भयंकर साथीची भीती होती ती आली नाही. पुढे खोल बोअर, सौरपंप, क्लोरीन घातलेल्या पाण्याच्या टाक्या आणि नळ आले. टेकनाफच्या बाजूला मात्र जमिनीखाली तसं पाणीच नाही, तिथे साठवलेल्या पाण्यावर आणि टँकरवर भागवायचं, उन्हाळ्यात हाल. (हे मराठवाड्यातल्या कोणाला समजवायची गरज नाही.)

इथे एक आठवण करून देतो कारण शिकणाऱ्यांना हा इतिहास माहीत हवा. १९७१ ला निर्वासितांचा प्रवाह उलटा होता, पूर्व पाकिस्तानातून लाखो लोक आपल्याकडे बंगालमधे आले, आणि बनगावच्या छावणीत कॉलराने माणसं पटापट मरत होती. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा घातलेलं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं ते चारच्या खाली आलं. आज ओआरएसचं पाकीट जगभर वापरतात त्यामागे एका निर्वासित छावणीतला हा निर्णय आहे. कॉक्स बाजारच्या प्रत्येक हेल्थ पोस्टवर ओआरएसचा कोपरा असतो, तो मला नेहमी त्या बनगावचाच पुढचा भाग वाटत आलाय.

आता असे दोन आजार सांगतो जे कॅम्पने दिले नाहीत, लोक ते सोबतच घेऊन आले, आणि कागद नसण्याचा परिणाम शरीरावर कसा होतो ते यांच्यातून दिसतं.

पहिला घटसर्प. डिप्थेरिया. आपल्याकडच्या कित्येक तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो. नोव्हेंबर २०१७ मधे कॅम्पमधे मुलं घसा दुखतो, ताप आहे म्हणून यायला लागली, घशात करडा पापुद्रा, मान सुजून बैलासारखी जाड झालेली, आणि बघता बघता हजारोंनी केसेस झाल्या, बहुतेक पंधरा वर्षांखालच्या. घटसर्पाचं अँटिटॉक्सिन, म्हणजे जंतूंचं विष निकामी करणारं औषध, जगातच फार कमी बनतं कारण आजार पूर्वीपेक्षा खूप कमी झालाय, जो साठा होता तो कोणाला द्यायचा हे ठरवत बसावं लागलं, शिवाय ते देताना जोराची अ‍ॅलर्जी येऊ शकते म्हणून पेशंटशेजारी डॉक्टर-नर्स बसून हळूहळू द्यायचं. घरातल्या बाकीच्यांना अँटिबायोटिक, आणि सगळीकडे लसीकरण. पण मूळ प्रश्न हा की एवढी मुलं बिनलसीची कशी? कारण राखाइनमधे एका गावातून दुसऱ्या गावात जायला परवानगीचा कागद लागायचा, चेकपोस्टवर पैसे द्यावे लागायचे, सरकारी हॉस्पिटलात जायची भीती, २०१२ च्या दंगलींनंतर तर लाखाच्या वर लोक राखाइनची राजधानी सितवेच्या आसपासच्या छावण्यांत कोंडले गेले आणि २०१४ च्या फेब्रुवारीत एमएसएफलासुद्धा सरकारने राखाइनमधलं काम बंद करायला लावलं. त्या वर्षांत जी बाळं लसीशिवाय राहिली ती २०१७ ला बालुखालीत घटसर्प घेऊन आमच्यासारख्यांपुढे आली.

दुसरा हेपटायटिस सी, आणि यावर अजून पुरेसं कोणी बोलत नाही. २०२३ मधे एमएसएफच्याच एपिसेंटर या संशोधन विभागाने कॅम्पमधे घरोघर तपासणी केली, जवळपास वीस टक्के प्रौढांमधे चालू संसर्ग निघाला, म्हणजे पाचातला एक. तिथल्या अंदाजाने शहाऐंशी हजारांच्या आसपास माणसं. हा रक्तातून पसरणारा विषाणू, वीस-तीस वर्षं गुपचूप लिव्हर खातो, मग सिरॉसिस, मग कॅन्सर. एवढा कुठून आला? सरकारी दवाखान्याची दारं बंद असली की माणूस गावातल्या इंजेक्शनवाल्याकडे जातो, ताप आला इंजेक्शन, अशक्तपणा आला इंजेक्शन, आणि सुई एकच. बाळंतपणं, दातांची कामं, सगळं तसंच, उपकरणं न उकळता. बंदी घातलेल्या समाजाची आरोग्यव्यवस्था अशीच उभी राहते, लोकांना दोष देण्यात काही अर्थ नाही.

आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे, की हेपटायटिस सी आता पूर्ण बरा होतो. तोंडाने घ्यायच्या गोळ्या, तीन महिने, ९५ टक्क्यांहून जास्त लोक बरे. या गोळ्या भारतातल्या कंपन्या जेनेरिकमधे बनवतात आणि त्या आता पूर्वीसारख्या महाग राहिल्या नाहीत. तरी कॅम्पमधे २०२० पासून उपचार मुख्यतः एकाच संस्थेच्या जीवावर चालू राहिले आणि त्यांना दर वर्षी काही हजार लोकांपर्यंतच पोचता येत होतं, बाकीचे रांगेत. कॅम्पच्या माणसाने बाहेर जाऊन स्वतःच्या पैशाने घ्यावं म्हटलं तर बाहेर जायची परवानगी नाही आणि पैसा कमवायचीही नाही. म्हणजे बऱ्या होणाऱ्या आजाराने माणूस पुढे कॅन्सर होऊन मरणार, आणि ते आपल्याला आजच माहीत आहे.

कमवायची परवानगी नाही यावर जरा थांबतो कारण रेशन तिथेच अडकलंय. रोहिंग्यांना कॅम्पबाहेर काम करता येत नाही, संस्थांमधे स्वयंसेवक म्हणून तासावर थोडे टाका (बांगलादेशी चलन) मिळतात तेवढेच, तेही थोड्याच लोकांना. म्हणजे पोट जवळपास पूर्णपणे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या रेशन कार्डावर. २०२३ मधे देणगीदारांनी हात आखडला तेव्हा माणशी महिन्याचं रेशन १२ डॉलरवरून मार्चमधे १० आणि जूनमधे ८ डॉलरवर आलं. आठ डॉलर महिन्याला, म्हणजे दिवसाला सत्तावीस सेंट, तीन वेळच्या जेवणाचे. त्यात तांदूळ, डाळ, तेल बसवायचं, अंडं आणि भाजी आपोआप गळते. २०२४ मधे ते परत वाढलं, २०२५ च्या मार्चमधे सहावर आणायची घोषणा झाली आणि ऐनवेळी निधी मिळून टळली. अशी टांगती तलवार डोक्यावर ठेवून बाई घर कसं चालवेल सांगा.

ओपीडीत हे दंडाच्या पट्टीवर दिसतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल, तीव्र कुपोषण. तिथपासून साडेबारापर्यंत पिवळी. शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं देऊन मूल सहा-आठ आठवड्यांत हिरव्यात येतं, खरंच येतं, डोळ्यांत चमक येते, आणि घरी तेच ताट असतं म्हणून काही महिन्यांनी परत पिवळ्यात. रेशन कपातीनंतरच्या पाहणीत कुपोषणाचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर गेलं, ही जागतिक आरोग्य संघटनेची आणीबाणीची रेषा आहे. रेशन कमी झालं की आमच्याकडे नुसतं कुपोषण वाढत नाही, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं वाढतात कारण एक तोंड कमी, आणि मग वर्षभरात तीच मुलगी बाळंतपणाला येते, अंगात रक्त नाही, कंबर अरुंद. पोरं बोटीत बसून मलेशिया-इंडोनेशियाच्या वाटेला लागतात. २०२३ मधे समुद्रात पाचशेहून जास्त रोहिंग्या बुडाले किंवा बेपत्ता झाले.

बायकांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. संडास सामायिक, लांब, दिव्याची सोय अपुरी, म्हणून कितीतरी बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, मग लघवीचा जंतुसंसर्ग, गरोदरपणात तो जास्त धोक्याचा. आंघोळ झोपडीच्या कोपऱ्यात अंगावर कपडे ठेवूनच. मासिक पाळीचे कपडे उन्हात वाळवायला जागा नाही. बाळंतपणासाठी दवाखान्यात यायचं प्रमाण वाढलंय, त्यात रोहिंग्याच असलेल्या महिला स्वयंसेविकांचं मोठं श्रेय आहे, त्या घरी जाऊन सासूला समजावतात, कारण निर्णय सासू आणि नवरा घेतात. पण रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला तर बाईला खुर्चीत बसवून बांबूला बांधून चिखलाच्या पायऱ्यांवरून रस्त्यापर्यंत आणायचं, मग अ‍ॅम्ब्युलन्स, आणि कॅम्पबाहेरच्या हॉस्पिटलात न्यायचं तर परवानगीचा कागद. कागद बहुतेक वेळा मिळतो, पण वेळ जातो, आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात वेळ हाच उपचार असतो.

मनाच्या आजारांवर मी कमी बोलतो कारण ते माझं क्षेत्र नाही. एवढंच की अंगदुखी, छातीत धडधड, झोप नाही अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांना गोळी देऊन पाठवू नका, दोन मिनिटं थांबून विचारा, कितीदा त्यामागे जळलेलं गाव असतं. आणि आता तरुण मुलांमधे भूतकाळापेक्षा पुढे काहीच नाही याचा त्रास जास्त दिसतो. २०१७ ला जे मूल कडेवर आलं ते आज शाळेच्या वरच्या वर्गात हवं होतं.

२०२५ मधे अमेरिकेचा आणि इतर देशांचा निधी घटला तेव्हा काही आरोग्य केंद्रं बंद झाली, काहींचे तास कमी झाले, डायबेटिस आणि बीपीच्या पेशंटना सगळ्यात आधी फटका बसला कारण त्यांना रोज औषध लागतं आणि तातडीचं म्हणून त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

आपल्याकडे भारतातही रोहिंग्या आहेत, जम्मू, हैदराबादला बालापूर, दिल्ली, हरियाणात नूह, सरकारने २०१७ मधे चाळीस हजारांचा अंदाज दिला होता. तिथेही आजारांची यादी काढलीत तर हीच निघेल, फक्त अडायची जागा वेगळी, आधार कार्ड नसणं.

तर तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे, काम करायचं असेल तर काय शिकावं. क्लिनिकल चांगलं असावंच, पण त्याच्याबरोबर पाणी-स्वच्छतेच्या इंजिनिअरशी बोलायला शीक, क्लोरीन किती आणि कुठे मोजायचं, मैल्याचा गाळ कुठे जातो हे स्वतः जाऊन बघ. साथीच्या नोंदी ठेवायला शीक, कारण देणगीदाराला आकडा दाखवल्याशिवाय पैसा येत नाही, खरूजेची मोहीम सुरू झाली ती ४० टक्के हा आकडा हातात आल्यावर. रोहिंग्या भाषा चाटगावच्या बोलीच्या जवळची आहे, प्रमाण बांगला येणाऱ्यालाही सगळी कळत नाही, तेव्हा दुभाषा रोहिंग्याच घे आणि बायकांसाठी बाईच घे. कॅम्पच्या एकेका ब्लॉकचा, म्हणजे विभागाचा, जो रोहिंग्या प्रमुख असतो त्याला तिथे ‘माझी’ म्हणतात, त्याच्याशी संबंध ठेव पण त्याच्या तोंडून सगळा ब्लॉक समजला असं मानू नकोस, ज्या घरात कर्ता पुरुष नाही ते घर त्याच्या यादीत शेवटी असतं, तिथे आधी जा. आणि दर महिन्याच्या रिपोर्टमधे औषधांच्या आकड्यांशेजारी हेही लिही की कुठल्या ब्लॉकमधे नळाला किती तास पाणी आलं, बाहेर पाठवायचे किती पेशंट (रेफरल) परवानगीसाठी थांबले आणि किती वेळ थांबले. कोणी मागितलं नाही तरी लिही. बाहेर हॉस्पिटलात पाठवायच्या पेशंटची परवानगी रात्रीही मिळावी म्हणून भांडायला बसशील तेव्हा समोरचा अधिकारी पुरावा मागेल, आणि तो तुझ्या त्याच रकान्यात असेल.